पाणवठ्यावरची शिरगणती

"किती वाघ पाहिलेस?"

गेल्या बुद्धपौर्णिमेनंतर मी मेळघाटातून परतलो, तेव्हा वसतिगृहाच्या जिन्यापासून ग्रंथालयाच्या खिडकीपर्यंत भेटेल त्याने मला हा एकच प्रश्न विचारला. "एकही नाही," असे उत्तर दिले की विचारणाऱ्याचा चेहरा पडे. "मग रात्रभर झाडावर बसून केलेस तरी काय?" हा त्यापुढचा प्रश्न ठरलेला असे.

आमच्या मराठीच्या सरांनी मात्र निराळेच विचारले. "तुला एकही वाघ दिसला नाही, म्हणजे तिथे एकही नाही असे समजायचे का?" मी 'नाही' म्हणालो. "मग तुम्ही भरून दिलेल्या त्या तक्त्याचा उपयोग काय?" याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. ते शोधण्यासाठी सुट्टीत जे वाचले आणि ज्या जाणत्यांना विचारले, त्याचा गोषवारा पुढे देत आहे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा विद्यार्थी आहे. गणिताशी त्याचा संबंध दहावीनंतर जवळजवळ सुटलेला आहे. तेव्हा विज्ञान शाखेच्या मित्रांनी थोडे सांभाळून घ्यावे.

मेळघाट

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत सातपुड्याच्या गाविलगड रांगेवर मेळघाट पसरलेला आहे. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी नावाची फोड लोक सांगतात, आणि परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणाऱ्या बसमध्ये पोट ढवळू लागले की ती पटतेही. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या या डोंगरांतून निघून तापीला मिळतात. जंगल मुख्यत्वे सागाचे. त्यात बांबू, मोह आणि तेंदू. इथले मूळ रहिवासी कोरकू.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातून एकट्या मेळघाटची निवड झाली होती. प्रकल्पाचा नुसता गाभाच सुमारे दीड हजार चौरस किलोमीटरचा आहे. आता कल्पना करा, एवढ्या डोंगराळ मुलखात, झाडीत दडणारे, रात्री हिंडणारे आणि माणसाच्या वासाने पळणारे प्राणी मोजायचे आहेत. वर्गात हजेरी घेताना साठ मुले जागच्या जागी बसलेली असतात आणि नाव घेतले की 'हजर' म्हणतात. तरीही हजेरीपटात चूक होतेच. जंगलात तर कोणी ओ देत नाही.

मचाणावर

पाणवठ्यावरच्या मोजणीची कल्पना साधी आहे. वैशाखात ओढे आटतात, पाणी मोजक्याच ठिकाणी उरते, आणि तहान लागली की प्राण्याला तिथे यावेच लागते. पौर्णिमेला चांदणे रात्रभर असते. म्हणून बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांजवळ मचाणे बांधायची, त्यांवर माणसे बसवायची आणि जो प्राणी येईल तो लिहून घ्यायचा. पूर्वी या मोजणीचे महत्त्व मोठे मानले जाई. आता शास्त्रीय अंदाजासाठी तिच्यावर विसंबत नाहीत. आमच्यासारख्या हौशी लोकांना जंगलाची ओळख व्हावी, हाच तिचा मुख्य हेतू उरला आहे, आणि 'निसर्गानुभव' या नावाने तिचे आयोजन होते.

आमच्या मचाणावर आम्ही तिघे होतो. मी, माझा वर्गमित्र आणि एक वनरक्षक. वनरक्षक पन्नाशीला आलेले, अंगाने वाळकुडे आणि बोलण्यात काटकसरी. आम्ही त्यांना काका म्हणत होतो, ते आम्हाला भाऊ. दुपारी चारला आम्ही चढलो. हाती एक छापील तक्ता मिळाला होता. वेळ, प्राणी, संख्या, नर, मादी, पिल्लू आणि शेरा असे त्याचे रकाने. अक्षर बरे म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिले दोन तास वानरांचे गेले. चौदा मोजली आणि पंधरावे आधीचेच होते की नवे, यावर आम्हा दोघांत वाद झाला. काका म्हणाले, "नक्की नसंन तं चौदाच लिवा." सूर्य कलताना तीन लांडोरी आल्या. अंधार पडल्यावर सांबराची मादी पाडसाला घेऊन आली. पाण्याला तोंड लावण्याआधी ती इतका वेळ स्तब्ध उभी राहिली की माझ्या पायाला मुंग्या आल्या. रात्री रानडुकरांचा कळप आला, नऊंचा. दीडच्या सुमारास एक अस्वल आले, पोटभर पाणी प्याले आणि कोणाची पर्वा नसल्यासारखे झुलत निघून गेले. त्या वेळी माझ्या छातीचे ठोके शेजाऱ्याला ऐकू गेले असतील.

नंतर बराच वेळ काहीच नाही. एक रातवा तेवढा ठोके दिल्यासारखा ओरडत होता. काका एका बाजूला टेकले होते. चंद्र पश्चिमेला कलला होता आणि पलीकडच्या काठावर झाडांच्या सावल्या लांबल्या होत्या. तीन वाजून गेल्यावर कुठेतरी भेकर भुंकले आणि त्या सावल्यांत काहीतरी हलले. चार पायांचे, मानेत वाकलेले. ते पाण्यापाशी आले, क्षणभर थांबले आणि वळून गेले. मित्राने माझा दंड घट्ट धरला. "बिबट्या!" तो कुजबुजला. मला खात्री नव्हती. पण बिबट्या असावा असे मलाही फार वाटत होते. आम्ही दोनशे किलोमीटर प्रवास करून आलो होतो, परत गेल्यावर काय सांगायचे ते मनात तयार होते, आणि तक्त्यात अजून एकही 'मोठे' नाव नव्हते. मी लिहिले : ३.१०, बिबट्या, १.

उजाडल्यावर काकांनी तक्ता मागितला. त्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. ते रागावले नाहीत. "चाला, पाहू," एवढेच म्हणाले, आणि आठ वाजता मोजणी संपल्यावर आम्हाला पलीकडच्या काठावर घेऊन गेले. चिखलात ठसे ताजे होते. काका उकिडवे बसले आणि काडीने दाखवू लागले. प्रत्येक बोटापुढे नखाची टोचण होती. बिबट्या मांजराच्या जातीचा. तो चालताना नखे आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात नखे उमटत नाहीत. शिवाय इथे पुढचा पाय मागच्यापेक्षा बराच मोठा होता. ते तरस होते.

"जे डोयानं दिसलं थे लिवा, भाऊ," ते म्हणाले. "जे नाई दिसलं थे नोका लिवू." मी ती ओळ खोडली आणि शेऱ्यात लिहिले : 'प्राणी नीट दिसला नाही, सकाळी ठशांवरून तरस.' त्या खाडाखोडीसह तक्ता गेला. परतीच्या बसमध्ये मित्र म्हणाला, "एक बिबट्या जास्त लिहिला असता तर कोणाचे काय बिघडणार होते?"

एका घुबडाची गोष्ट

काय बिघडते, याचे उत्तर मला एका घुबडाच्या हकिकतीत सापडले. हे घुबड मेळघाटातही राहते, हा मोठाच योगायोग.

आपल्या गावातल्या जुन्या वडा-पिंपळांत राहणारा ठिपक्यांचा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याचाच एक रानातला भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. डोके मोठे, माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर ठळक पट्टे. १८७२ साली ब्लुइट या इंग्रज अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाला आणि पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. १८८४ पर्यंत या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने जमले. त्यांतले काही डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवले होते. त्यानंतर हा पक्षी कोणाला सापडेना.

अपवाद एकच. मायनर्ट्‌झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचे सांगितले. त्याच्या संग्रहात पक्ष्याचा भरलेला नमुना होता आणि त्यावर चिठ्ठीही होती. हा गृहस्थ नामांकित पक्षितज्ज्ञ होता. अविश्वास कोण दाखवणार? 'शेवटची नोंद १९१४, गुजरात' असे ग्रंथांत छापून आले आणि वर्षानुवर्षे तसेच छापले गेले.

पुढे अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी मायनर्ट्‌झहागेनच्या संग्रहाची कसून तपासणी केली. त्यांना आढळले की ते घुबड १९१४ सालचे नव्हतेच. डेव्हिडसनने मिळवलेला जुना नमुना लंडनच्या संग्रहालयातून लांबवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून ठेवला होता. रासमुसेन यांनी ती खोटी नोंद बाजूला सारली आणि जुन्या खऱ्या नोंदी जिथल्या होत्या तिथेच शोध घ्यायचे ठरवले. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांनी आधी पूर्वेकडची रानेे धुंडाळली, मग त्या खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळच्या डोंगरात, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उन्हात बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! नंतरच्या पाहण्यांत तो मेळघाटातही आढळला.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की हा पक्षी दिवसाउजेडी हिंडतो, उघड्या फांदीवर बसतो आणि सरडे-उंदीर धरतो. इथल्या आदिवासींच्या डोळ्यांसमोर तो सदैव असणार. विज्ञानाच्या लेखी मात्र तो शंभर वर्षे नाहीसा झाला होता, आणि मधल्या काळातली एकमेव खूण होती तीही खोटी. ज्याने ती खूण ठेवली त्यालाही कदाचित असेच वाटले असेल की, एका घुबडाने कोणाचे काय बिघडते!

वाघ कमी झाले की मोजणी सुधारली?

आता वाघांकडे वळू. १९७२ साली देशभरची पहिली व्याघ्रगणना झाली, तिचा आकडा १८२७ आला. ही गणना ठशांवरून होत असे. ओरिसाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी ही पद्धत प्रचारात आणली. मातीवर उमटलेल्या ठशावर काच धरायची, तो काचेवरून कागदावर गिरवायचा आणि मग सगळे कागद पुढ्यात घेऊन कोणता ठसा कोणत्या वाघाचा ते ठरवायचे. पद्धत स्वस्त होती आणि वनरक्षकाला सहज जमणारी होती. पण एकाच वाघाचा ठसा भुसभुशीत धुळीत एक दिसतो आणि ओल्या चिखलात दुसराच. गिरवणारा हात बदलला की रेघ बदलते. एका वाघाचे दोन होतात, दोघांचा एक होतो. आणि मोजणाऱ्याला आपल्या हद्दीतला आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी दाखवण्याची भीती वाटत असेल, तर काच त्याला अडवू शकत नाही.

२००४-०५ साली राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, असे उघडकीस आले. कागदावर मात्र ते होते. चोरट्या शिकाऱ्यांनी जंगल रिकामे केले तरी तक्ते भरलेलेच राहिले. देशभर खळबळ उडाली, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले आणि मोजणीची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीने २००१-०२ साली ३६४२ वाघ सांगितले गेले होते. नव्या पद्धतीने २००६ साली १४११ आले. मधल्या काळात वाघ मारले गेले हे खरेच, पण दोन पद्धतींचे आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. आपण फूटपट्टी बदलली, तेव्हा उंचीतला फरक कितपत खरा आणि कितपत पट्टीचा, हे सांगणे अवघड जाते.

उपाहारगृहाचे गणित

मग नवी पद्धत कोणती? वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात. दोन वाघांचे कधी सारखे नसतात. जंगलवाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर कॅमेरे बांधून ठेवतात. प्राणी समोरून गेला की छायाचित्र आपोआप निघते, आणि दोन्ही कुशींचे पट्टे मिळतात. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळे जंगलात १९९०नंतर ही पद्धत वाघांसाठी वापरून दाखवली.

पण कॅमेऱ्यासमोर न आलेल्या वाघांचे काय? सरांचा प्रश्न नेमका हाच होता. त्याचे उत्तर आपल्या उपाहारगृहात मिळते. समजा, महाविद्यालयात किती विद्यार्थी आहेत हे कार्यालयाला न विचारता काढायचे आहे. सोमवारी उपाहारगृहात आलेल्या ४० जणांची नावे टिपून घ्या. गुरुवारी पुन्हा बसा. त्या दिवशी ५० जण आले आणि त्यांतले १० सोमवारच्या यादीतले निघाले. म्हणजे गुरुवारच्या लोकांपैकी पंचमांश आपल्या यादीत होते. मग सगळ्या महाविद्यालयाचाही सुमारे पंचमांश यादीत असणार. पंचमांश म्हणजे ४०, तर सगळे मिळून २००. जे कधी दिसलेच नाहीत त्यांचाही हिशेब असा लागतो. याच युक्तीने डेन्मार्कच्या पीटरसनने मासे मोजण्याचा मार्ग दाखवला आणि अमेरिकेच्या लिंकनने १९३० साली बदकांचा अंदाज केला.

यातली मेख चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आली असेल. काही मित्र उपाहारगृहातच मुक्कामाला असतात आणि काही घरून डबा आणतात. सर्वांची तिथे येण्याची शक्यता सारखी नसते. वाघांचेही तसेच. कोणी वाटेने चालतो, कोणी वाट टाळतो. म्हणून कॅमेरे विचारपूर्वक सर्वत्र पसरून लावावे लागतात आणि गणितात या फरकाला जागा ठेवावी लागते. २०१८च्या मोजणीत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे निघाली. त्यांतून २४६१ निरनिराळे वाघ ओळखले गेले, आणि अंदाज २९६७ चा आला. मधले पाचशे वाघ कोणी पाहिलेले नाहीत. पण ते 'असावेत' असे जे म्हटले जाते, त्यामागे मनाचा कौल नसून हिशेब असतो, आणि अंदाजात चूक किती असू शकेल हेही सोबत सांगितले जाते.

सांबर आणि गवा यांना पट्टे नसतात, त्यांच्यासाठी वेगळी रीत आहे. जंगलात एक सरळ रेषा आखायची, तिच्यावरून पहाटे चालायचे, आणि दिसलेला प्राणी रेषेपासून किती अंतरावर होता ते मोजायचे. रेषेजवळचे बहुतेक सगळे दिसतात, लांबचे बांबूत लपतात. अंतर वाढते तशी दिसणाऱ्यांची संख्या कशी घटत जाते, यावरून किती निसटले ते काढता येते. शिवाय विष्ठा गोळा करतात. ऐकायला किळसवाणे वाटले तरी तिच्यातल्या केसांची सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटली की शिकारी प्राण्याने काय खाल्ले ते समजते. त्याला हात न लावता आणि त्याची झोपही न मोडता.

या साऱ्याचा पाया पुन्हा चालणारा माणूस हाच. देशव्यापी मोजणीत पहिली फेरी वनरक्षकच करतात. आपापल्या बीटमध्ये मैलोगणती चालून ठसे, ओरखडे आणि विष्ठा यांची नोंद घेतात. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले संगणक त्यानंतर चालू होतात. आमच्या काकांसारख्या माणसाने आळस केला किंवा भीतीपोटी एखादे नाव घुसडले, तर पुढचे सगळे गणित त्या चुकीवर उभे राहते.

आकड्यावर काय काय ठरते

या आकड्यांशी प्राण्यांइतकाच माणसांचाही संबंध आहे. मेळघाटातली बोरी, कोहा आणि कुंड ही गावे जंगलाच्या गाभ्यातून उठून बाहेर वसली. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर, शेत आणि देवाची जागा सोडून कोरकू कुटुंबे गेली. हे योग्य की अयोग्य, यावर आमच्या वसतिगृहात रात्र-रात्र वाद झाले आहेत आणि ते इथे मिटणारे नाहीत. पण वाघासाठी जागा हवी असे ज्या माणसाला सांगायचे, त्याला सांगितलेला वाघाचा आकडा तरी खरा असला पाहिजे, याविषयी दुमत होऊ नये. माझी ती तीन वाजून दहा मिनिटांची ओळ पुढे कोणत्याही अहवालात गेली नसती, हे मला ठाऊक आहे. पण खोटी ओळ लिहिण्याची सवय अशाच बिनमहत्त्वाच्या तक्त्यावर लागते.

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर. सर, एका रात्रीचा आमचा तक्ता मेळघाटात किती वाघ आहेत ते सांगत नाही. त्या पाणवठ्यावर, त्या रात्री, दोन नवख्या विद्यार्थ्यांना आणि एका जाणत्या वनरक्षकाला काय दिसले एवढेच तो सांगतो. 'वाघ : ०' ही नोंदही त्यात आली पाहिजे. शून्य लिहायला लाज वाटू लागली की सरिस्का घडते.

येत्या वैशाखात ज्या मित्रमैत्रिणींना जायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. अर्ज वेळेवर करा, मचाणे थोडी असतात. कपडे मातकट रंगाचे घाला, अत्तर लावू नका, पाणी आणि कोरडे खाणे सोबत न्या, मोबाईल बंद ठेवा. वनरक्षक सांगतील ते ऐका. त्यांना जंगल आपल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक पाठ असते. आणि जाताना पेन्सिल नेऊ नका, पेनच न्या. पेन्सिलीने लिहिलेले पुसता येते. पेनाने चूक झाली तर ती खोडावी लागते, आणि खोडलेली ओळ वाचणाऱ्याला दिसते.